शाकारणी : एक प्रस्तावना

‘नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची?’ ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती चौलला, आमच्या वाडीत, सुपारी सोलायला बसलेल्या बायकांच्या घोळक्यात. शेजारच्या पाखाडीतली एक सून आदल्या रात्री माहेरी निघून गेली होती आणि उजाडता उजाडता तिच्या भावानंच तिला परत आणून सोडली होती. त्यावर कुणीतरी ही म्हण टाकली, बाकीच्या हसल्या आणि हात पुन्हा चालू लागले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की म्हणीतला पावसाचा भाग चौलपुरता तरी धादांत खोटा आहे. पावसापुढे इथे कुणी हात टेकत नाही. वैशाख सरत आला की कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची. झडीच्या बाजूला पडवीला झावळ्यांचे झाप बांधायचे. सरपण आत घ्यायचं, आगोटीची बेगमी करायची. घर शाकारून झालं की मग आभाळाकडे बघायचं. आता कौलांच्या जागी स्लॅब आले, झापांच्या जागी निळं प्लास्टिक आलं, तरी मे महिन्यात चौलपासून रेवदंड्यापर्यंत दर चार घरांमागे एक माणूस शिडीवर चढलेला दिसतोच. पाऊस आपल्या हातात नाही, पण छप्पर आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नवऱ्याच्या हाताचा विषय निघाला की मात्र तीच शहाणी माणसं म्हणतात, घरोघरी असतंच, भांड्याला भांडं लागायचंच.

या पुस्तकाचा विषय तो हात आहे, आणि त्या हाताखाली वर्षानुवर्षं राहणाऱ्या बाईच्या मनाचं काय होतं हाही. नवऱ्याकडून होणारी हिंसा, तिच्यातून येणारं नैराश्य आणि त्या नैराश्यात कधीकधी डोकावणारा जीव संपवण्याचा विचार, या तीन गोष्टी आपण तीन खात्यांत वाटून टाकल्या आहेत. मार पोलिसांकडे, नैराश्य डॉक्टरकडे आणि मृत्यू पंचनाम्याच्या कागदावर. बाई एकच असते. तिन्ही खाती एकदम ज्यांच्या डोळ्यांसमोर असतात ती माणसं म्हणजे आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्स, शिक्षिका, पोलीस पाटील, बचत गटातल्या मैत्रिणी आणि माहेरची माणसं. पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

आधी मोजणीबद्दल थोडं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. पिढ्यान् पिढ्यांच्या नारळी-पोफळी दोन-चार तासांत आडव्या झाल्या. मग वाड्यावाड्यांतून पंचनामे झाले. कुणाची किती झाडं गेली, कुणाचं छप्पर उडालं, हे कागदावर आलं. भरपाईबद्दल कुरबुर पुष्कळ झाली, पण निदान मोजलं गेलं. ते दिवस टाळेबंदीचेही होते. कमाई बंद, माणसं घरात, बाईला माहेरी जायची सोय नाही. देशभरातून घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचं राष्ट्रीय महिला आयोगानं त्याच काळात सांगितलं. म्हणीतला पाऊस आणि म्हणीतला नवरा, दोघेही एकाच हंगामात आले. पंचनामा एकाचाच झाला.

तशी चौलला नोंदींची वाण नाही. टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर आहे, अरब प्रवाशांच्या लिखाणात ते ‘सैमूर’ म्हणून आहे, १४६९च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितिन इथेच उतरला, आणि पोर्तुगिजांनी तर रेवदंड्याला तटबंदीचं शहरच वसवलं. कापड, घोडे, मसाले, गलबतं, जकात यांचा हिशेब मिळतो. उंबऱ्याच्या आतला हिशेब मात्र आपल्याकडे अगदी अलीकडे सुरू झाला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात चारातली एक. दहा जणींचा बचत गट डोळ्यांसमोर आणा. त्यात अशा दोघी-तिघी बसलेल्या असतात, आणि हप्ता वेळेवर भरत असतात.

याच पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त बोचतो. कुणाकडूनही शारीरिक वा लैंगिक हिंसा झालेल्या स्त्रियांपैकी देशभरात फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मागितली, त्यांतल्या बहुतेकींनी माहेरचं दार वाजवलं. पोलीस, वकील, डॉक्टर फार मागे. म्हणजे आपल्या समाजात पहिलं संकट-केंद्र म्हणजे आईचं स्वयंपाकघर. तिथे तिला काय उत्तर मिळतं यावर पुढचं बरंच ठरतं.

आता आरोग्य केंद्राच्या ओपीडीत जरा वेळ बसू. पुढचं चित्र एका कुणा बाईचं नाही, अनेकींच्या बोलण्यातून जुळवलेलं आहे. वय तिशीच्या आसपास. महिन्यात तिसऱ्यांदा आलेली. काय होतंय, असं विचारलं की सांगते, डोकं धरतं. पाठ भरून येते. अंगात त्राण नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी उठवत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. पोरांवर उगाच ओरडते आणि मग रडत बसते. केसपेपरवर लिहिलं जातं, ‘अंगदुखी, अशक्तपणा’. ताकदीच्या गोळ्या, एखादं इंजेक्शन, फारच आग्रह केला तर सलाईन. मनगटाच्या वर पिवळी पडत चाललेली जखमेची खूण असते. विचारलं तर ‘मोरीत पाय घसरला’. नवरा दारात उभा असतो, किंवा सासू शेजारच्या स्टुलावर. रांग मोठी असते. बाई बाहेर पडते. केसपेपरवरचा एकही शब्द खोटा नसतो आणि आजार मात्र सबंध निसटलेला असतो.

‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत कुणी येत नाही. आपल्याकडे मन बोलतं ते शरीराच्या तोंडून. ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव नकोसा झालाय’, ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’, ‘मी असले काय नि नसले काय’ ही वाक्यं आपण इतक्या वेळा ऐकतो की ती कानाला बोलण्याची पद्धत वाटतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असणं, आवडत्या गोष्टीतला रस जाणं, झोप-भूक बिघडणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, स्वतःलाच दोष देत राहणं आणि मरणाचे विचार येणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. एखाद्या दिवशी वाईट वाटणं वेगळं, आणि वाईट वाटण्याचीही ताकद संपणं वेगळं.

माराचं नैराश्य कसं होतं? एका थपडेनं सहसा होत नाही. संध्याकाळी सातची गाडी गेली, आता तो येईल, आज कसा असेल, या अंदाजात रोजचे दोन तास जातात. पायांच्या आवाजावरून, चप्पल काढण्याच्या पद्धतीवरून त्याचा राग ओळखायला ती शिकते. शरीर सतत सावध राहतं, त्यामुळे झोप तुटते. झोप तुटली की कामात चुका होतात, चुका झाल्या की बोलणी बसतात. हळूहळू मैत्रिणींकडे जाणं बंद होतं, कारण परत आल्यावर हिशेब द्यावा लागतो. मोबाईल तपासला जातो. हातात पैसा राहत नाही. ‘तुला अक्कल नाही’ हे वाक्य दहा वर्षं ऐकलं की ते स्वतःच्याच आवाजात ऐकू यायला लागतं. शेवटी अंगावर वळ नसतानाही बाई मार खाल्ल्यासारखी वागते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं हिंसेत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, असे चारही प्रकार धरले आहेत. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. चौल-नागावच्या कट्ट्यांवर अजून त्यातला पहिलाच प्रकार हिंसा समजला जातो, आणि तोही हाड मोडलं तर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांना नैराश्य येण्याची शक्यता जवळपास दुप्पट असल्याचं दिसलं. ही साखळी दोन्ही बाजूंनी चालते. हिंसेनं नैराश्य येतं, आणि नैराश्यानं पाय इतके जड होतात की हिंसेतून बाहेर पडणं आणखी कठीण होतं. ‘एवढा त्रास आहे तर सोडत का नाही?’ असं विचारणाऱ्याला हे माहीत नसतं, की सोडायला लागणारं बळच त्या त्रासानं आधी खाल्लेलं असतं.

आपल्या विषयाचा सर्वांत जवळचा पुरावा याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात मिळतो. १९९६मध्ये तिथे सुरू झालेली संगाथ ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी बायकांच्या मानसिक आरोग्यावर दीर्घ काम केलं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचा त्यांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना जवळपास २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं, आणि कारणांत गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं ही पुढे आली. ‘स्त्री आरोग्य शोध’ या दुसऱ्या अभ्यासात उत्तर गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांशी बोलणं झालं, आणि वर्षभर पाठपुरावा झाला. त्या वर्षात आत्महत्येचा प्रयत्न कुणी केला आणि का, हे शोधताना तीन गोष्टी ठळक दिसल्या: आधीपासून असलेला मनाचा आजार, हिंसा आणि पैशाअभावी उपाशी राहावं लागणं.

या निष्कर्षातला खरा मुद्दा असा, की तिन्ही गोष्टींचं वजन स्वतंत्र निघालं. म्हणजे नैराश्याचा वाटा हिशेबातून वेगळा काढला, तरी हिंसेचा वाटा शिल्लक राहिला. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच आहे. मारहाण होत असलेल्या बाईला नुसती नैराश्याची गोळी देणं म्हणजे गळत्या छपराखाली बादली ठेवणं. बादली लागतेच, तिला नावं ठेवू नयेत. पण शिडी लावून वर कुणीतरी चढायलाच हवं.

शिडी लागत नाही, कारण गळती कागदावर दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत ४५,०२६ स्त्रिया होत्या, आणि त्या स्त्रियांतल्या २३,१७८ जणी गृहिणी. निम्म्याहून जास्त. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता, २२,२०७. कारणांच्या तक्त्यात सर्वांत मोठा रकाना ‘कौटुंबिक समस्या’ हा असतो. स्त्री-पुरुष मिळून एक तृतीयांश आत्महत्या त्यात जातात. या दोन शब्दांत काय काय मावतं! कर्ज मावतं, दारू मावते, भावाभावांतली वाटणी मावते, आणि रोज रात्रीचा मारही मावतो. रकाना भरला की चौकशी संपते. २०१६ साली जगभरात आत्महत्येनं गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, असं ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकातला एक अभ्यास सांगतो. इतक्या बायकांच्या समस्या निव्वळ कौटुंबिक असतील, तर आपल्या कुटुंबसंस्थेबद्दलच काही बोललं पाहिजे.

जी वाचते तिची नोंद आणखी गुंतागुंतीची. दवाखान्यात आणणारी माणसं सांगतात, ‘चुकून पोटात गेलं’. तीही मान हलवते. मुंबईतल्या सेहत या संशोधन संस्थेला रुग्णालयांमधल्या कामात हे वारंवार दिसलं, की अपघाती विषबाधा म्हणून लिहिलेल्या बायकांशी एकांतात बोललं की घरातली हिंसा आणि मरणाचा विचार, दोन्ही बाहेर येतात. या ‘चुकून’मागे पोलीस केसची भीती असते. त्या भीतीबद्दल एक गोष्ट प्रत्येक आशाताईला पाठ हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिला उपचार व पुनर्वसन मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३०९व्या कलमासारखं सरसकट शिक्षेचं कलम राहिलेलंच नाही. खरं सांगितल्यानं बाई तुरुंगात जात नाही. खोटं सांगितल्यानं ती त्याच घरात परत जाते.

महाराष्ट्राला हा धडा फार महागात शिकवला गेला होता. जून १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुणी लग्नानंतर चार महिन्यांत मरण पावली. खालच्या न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं पतीला दोषी धरलं. जुलै १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता केली. ही आत्महत्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाला वाटलं. त्या खटल्यात तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून वाचली गेली. निकालाच्या कायदेशीर बाजूवर वकील अजून वाद घालतात. माझं लक्ष त्या पत्रांपाशी अडतं. एका नव्या नवरीची घुसमट कागदावर उतरलेली होती, वाचणारी प्रेमाची माणसं होती, आणि तरी त्या पत्रांचं गांभीर्य सगळ्यांना कळलं ते ती गेल्यावर. वाचणाऱ्यांचा दोष नव्हता. अशा पत्राचं काय करायचं असतं, हे तेव्हा कुणालाच कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या अस्वस्थतेतून पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन लोकांसमोर नेलं आणि पुढे ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवलं. नावातच सगळं आलं. त्याच सुमारास, १९८३मध्ये, दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं. त्यातली क्रूरतेची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. स्त्रीला आत्महत्येला प्रवृत्त करील, किंवा तिच्या जिवाला, शरीराच्या अथवा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा पोचवील असं जाणूनबुजून केलेलं वर्तन म्हणजे क्रूरता. हीच व्याख्या आता न्याय संहितेच्या कलम ८६मध्ये आहे. हिंसा, मन आणि मरण यांचा संबंध कायद्यानं चाळीस वर्षांपूर्वी जोडला. दवाखान्यानं आणि शेजाऱ्यांनी तो अजून जोडायचा आहे.

जिथे जोडला, तिथे उपयोग झाला. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजसेविका बसू लागली, आणि तो प्रयोग पुढे राज्यभर गेला. २०००मध्ये सेहत आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडलं. बाईनं वेगळं कुठे जायचं नाही. टाके घालायला आली तिथेच, दोन दारं सोडून, ऐकणारं माणूस. हा प्रकार नंतर महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही सुरू झाला. आणि गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथनं असं दाखवलं, की मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा-आठ भेटी घेतल्या तरी तीव्र नैराश्य कमी होतं. २०१६च्या अखेरीस आलेल्या त्या निष्कर्षांत आत्महत्येचे विचार व प्रयत्न कमी झालेले दिसले, आणि स्त्रियांच्या बाबतीत जोडीदाराची मारहाणही कमी नोंदली गेली. म्हणजे चौलमधल्या दहावी-बारावी झालेल्या हुशार मुलीलाही हे काम जमू शकतं. डिग्रीपेक्षा सराव आणि पाठीशी उभं राहणारं वरचं माणूस लागतं.

मग करायचं काय? पुस्तकात हे तपशिलानं आहे, इथे सार सांगते.

एकटीला गाठून विचारा. नवरा, सासू, मोठी मुलं यांच्यासमोर कधीच नाही. ‘वजन करायचंय, आत या’ एवढं निमित्त पुरतं. आडवळणानं सुरुवात केली तरी चालेल, ‘घरी सगळं ठीक ना?’ पण तिथेच थांबू नका. ‘घरात कुणी हात उचलतं का? कुणाची भीती वाटते का?’ असं सरळ विचारा. आणि उत्तर ‘हो’ असेल, तर पुढचा प्रश्नही विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? तसं काही मनात ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न झालाय का?’ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकींना कुणीतरी विचारल्याचंच हायसं वाटतं. आधी प्रयत्न केलेला असणं ही सर्वांत मोठी धोक्याची खूण. ठरवून ठेवलेलं असेल, तर त्या दिवशी तिला एकटी सोडायचं नाही आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू तिच्या हाताशी राहू द्यायच्या नाहीत.

ऐकताना न्यायनिवाडा करू नका. ‘तू काय बोललीस?’ हा प्रश्न तोंडातून आला की दार बंद होतं. ‘हे तुझ्यामुळे होत नाही’ हे वाक्य तिनं बहुधा कुणाकडूनच ऐकलेलं नसतं. लगेच ‘सोड त्याला’ असंही म्हणू नका. घर सोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, त्याची तयारी लागते. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवायच्या. थोडे पैसे बाजूला. शेजारणीशी एक खूण ठरवायची. केलेला फोन यादीतून पुसायचा. आणि ऐकलेलं गावात फोडायचं नाही. चौलसारख्या गावात मिनीडोरमधून अलिबागला उतरलेल्या बाईची खबर ती घरी पोचायच्या आत घरी पोचते. तिथे तुमच्या तोंडाचं कुलूप हाच तिचा अर्धा बचाव.

समझोत्याबद्दलही बोलायला हवं. गावकी बसते, नवरा मान खाली घालून ‘पुन्हा नाही होणार’ म्हणतो, चहा होतो, बाईला नांदायला पाठवलं जातं. संसार वाचावा असं तिलाही वाटत असतं, त्यात चूक काही नाही. पण चार महिन्यांनी तिची खबर घ्यायला त्यांतलं कोण जातं? देखरेख नसलेला समझोता म्हणजे तिनं हक्कानं जायचं शेवटचं दारही बंद करणं. दारूचं कारण सांगितलं जातं. दारू सोडवायलाच हवी. पण तोच माणूस पिऊन आपल्या मुकादमावर हात टाकत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. पुरुषांनाही नैराश्य येतं, तेही आत्महत्या करतात, आणि संख्येनं जास्त करतात. त्यांच्यासाठीही पुस्तकं हवीत. त्यामुळे हे पुस्तक अनावश्यक ठरत नाही.

आमच्या अलिबाग तालुक्याला सोसण्यापेक्षा एकजुटीची सवय जुनी आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप चालवला, हाल काढले, पण खोताच्या जमिनीला नांगर लावला नाही. ते जमलं, कारण गावंच्या गावं एकत्र होती. खोताचा जुलूम देवाघरचा पाऊस नाही, हे तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. घरात मार खाणाऱ्या बाईचा संप मात्र ती एकटीच करते, आणि तिच्या हातात तिच्या जिवाशिवाय दुसरं काही उरलंय असं तिला वाटेनासं होतं. तिच्या बाजूला चार माणसं उभी राहिली, तर ती वेळ येत नाही.

तेव्हा म्हणीतल्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवू. दाद मागायची ती इथे: तातडीची पोलीस मदत ११२. महिला मदतवाहिनी १८१. मन ढासळलं असेल तर ‘टेलि-मानस’ १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायला वकील लागत नाही. न्यायालय मारहाण थांबवण्याचा, खर्चाचा आणि सासरच्या घरातच राहू देण्याचा आदेश देऊ शकतं. घर त्याच्या नावावर असलं तरी.

पुस्तक सबंध वाचायला सवड नसेल, तर हे तीन नंबर दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी सुपारी सोलताना, मासळी निवडताना, कुणी ती म्हण टाकली, तर हसू नका. ज्या सुनेवरून ती निघाली, तिच्या घरी संध्याकाळी एकदा जाऊन या.

चौल, ता. अलिबाग, जि. रायगड